भुईचाफा लावणारी

कुंभिवलीच्या घरात राहायला गेलो तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते आणि मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती. आधी बोटं सुजली, मग मनगटं, मग गुडघे. खोपोलीच्या डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं. "हा जायचा नाही, ताई. याला धरूनच राहायचं आता," ते म्हणाले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. गोळ्यांनी पोटात आग पडायची आणि सकाळचे दोन तास अंग लाकडासारखं व्हायचं.

हे खोपोलीच्या कारखान्यात होते. सायकल घेऊन सकाळीच निघत. मूलबाळ नव्हतं. घर हमरस्त्याच्या जरा आत, मालक पुण्याला. दिवसभर ट्रकचे आवाज आणि मी.

पहिल्या वैशाखात परसातली जमीन फुटली. पान नाही, देठ नाही, नुसत्या कोरड्या मातीतून पांढरी-जांभळी फुलं वर आलेली. मी दारात उभी राहून बघत राहिले. रोज सकाळी नवी दोन-तीन. वास इतका की घरात यायचा.

डोंगराखालच्या ठाकरवाडीतली एक मावशी आमच्याकडे मोळी घालायची. तिला विचारलं.

"भुईचाफा हाय तो. पयल्या बाईनं लावला."

"कोण पहिली बाई?"

"तुज्या आदी व्हती ना, ती. हातपाय तुज्यासारकंच. ही समदी बाग तिचीच." मोळी टेकवून तिनं पदरानं तोंड पुसलं. "गेली गं ती."

मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर कशानं गेली तेही ऐकावं लागलं असतं.

त्या दिवसापासून परसात मी एकटी नव्हते. न्हाणीमागे एक खुरपं सापडलं. त्याच्या मुठीला जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळून गुंडाळून ती मूठ मोठ्या कांद्याएवढी केलेली. हे म्हणाले, काय हे ध्यान, टाकून दे. मी हातात घेतलं आणि माझी न मिटणारी बोटं त्या मुठीवर बरोब्बर बसली. कुणाच्या तरी बोटांच्या मापाची होती ती मूठ. खुरपं मी टाकलं नाही.

मग मी पाटावर बसून माती उकरायला लागले. आधी वीतभर, मग हातभर. पावसात सोनटक्का आला, गवती चहा आला, कुंपणाशी अळू. मी काहीच लावलं नव्हतं. मी फक्त तण काढायचे आणि ती पुढची जागा दाखवायची. दुखत नव्हतं असं नाही. पण उन्हात कोमट झालेल्या मातीत हात घातले की तेवढा वेळ ते माझे वाटायचे. मी तिच्याशी बोलायचे. आज उजवा खांदा धरलाय, आज गोळी घेतली नाही, असलं काहीबाही. कधी मागे कुणी उभं आहे असं इतकं खरं वाटायचं की मी सरकून जागा करून द्यायचे. ह्यांनी एकदा ते पाहिलं. त्या आठवड्यात रोज लवकर घरी आले.

अशी चार वर्षं गेली.

मार्गशीर्षातली दुपार होती. फाटक वाजलं. काठी घेतलेली एक बाई आत आली. कमरेत वाकलेली, चेहऱ्यानं माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. घराकडे न बघता ती सरळ परसाकडे वळली.

"अहो, कोण हवंय?" मी मागून गेले.

तिनं काठीनं मोकळी जमीन दाखवली. "इथे पाय देऊ नका. खाली कंद आहेत."

मी उचललेला पाय मागे घेतला.

"मी इथे राहायचे. तुमच्या आधी," ती म्हणाली. "पनवेलला भावाकडे असते आता. वाटलं, एकदा बघून यावं."

"मला वाटलं तुम्ही..."

"गेले?" ती हसली. "पाठवून दिलं मला. घरचं होईना माझ्याच्यानं, तर आमच्या यांनी माहेरी पोचवलं. दुसरीकडे बिऱ्हाड केलं त्यांनी."

मी तिच्या हातांकडे बघत होते. सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलंडलेली, अंगठा आत वळलेला. त्या हातांनी ती काठी धरत नव्हती, कोपराशी अडकवून नुसती दाबून होती. मला माझी दहा वर्षं पुढे उभी दिसली. आणि ह्यांनी मला कुठल्या भावाकडे पोचवायचं, हा विचार त्याच क्षणी मनात आला. मला तर भाऊही नव्हता.

मी पाट दिला, पाणी दिलं. चहा ठेवायचं सुचलं नाही. ती तासभर बसली. मनगटाच्या कडेनं तिनं एक-दोन तणं उपटली. निघताना म्हणाली, "मधूनमधून आले तर चालेल? काही नको. नुसती बसेन."

"ह्यांना विचारून सांगते," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. पत्ता मी मागितला नाही, तिनं दिला नाही. फाटकापर्यंत मी गेले, पण तिचा हात धरला नाही. तिला फाटकाची कडी लावता येत नव्हती. ती गेल्यावर मी लावली.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. "मग ये म्हणायचं ना," हे म्हणाले. "त्यात मला काय विचारायचं?"

ती परत आली नाही. मी वाट पाहिली. एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिले, दोन वेळा. मेलेल्या बाईशी मी चार वर्षं बोलले होते आणि ती जिवंत समोर आली तेव्हा तिला पुन्हा ये म्हणायचं माझ्याकडून झालं नाही. परसात काम चालूच राहिलं, ते सोडणं मला शक्य नव्हतं. पण बोलणं बंद झालं. मागे कुणी उभं राहीनासं झालं. पूर्वी तिची भीती वाटायची नाही. आता त्या रिकाम्या जागेची वाटायला लागली.

ह्यांच्या नोकरीमुळे पुढे आम्ही नेरळला बिऱ्हाड हलवलं. सामान टेंपोत चढत होतं तेव्हा मोळीवाली मावशी आली. काय न्यायचं, काय ठेवायचं हे बघत ती उभी राहिली आणि एकाएकी म्हणाली, "ती पयली बाय आलती ना गं तवा?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"थांब्यावर माज्याजवळ बसली व्हती, गाडी येईस्तवर. बाग बघून लई रडली. मंग म्हनाली, नवी बाय चांगली हाय, झाडं राखलीन तिनं. पन मला बघून भ्याली. तिला काय बोलू नको म्हनाली. म्हनून मी बोललो नाय."

टेंपोवाला हाका मारत होता. मी मावशीला विचारलं, "आणि मग?"

"मंग काय? गाडी आली. तिला चढवत नवतं. मी खालनं उचलली."