दादाने न घेतलेली सुई

दवाखान्यात दादासाठी मुगाची खिचडी घेऊन निघाले होते आणि रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली होती. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. ‘वन्सं, डबा नका आणू,’ एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, ‘का? झोपलाय का तो?’ त्यांनी फोन ठेवला. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, रिक्षावाला विचारत राहिला, ‘ताई, जायचं ना पुढं?’ मांडीवर डबा अजून गरम होता.

माझा थोरला भाऊ एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात फिटर होता. आईला जुना मधुमेह. तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचायचं काम वर्षानुवर्षं त्याचंच. ताट समोर आल्याशिवाय तो सुई हातात घ्यायचा नाही. एका सकाळी आईनं दादाकडून सुई घेतली, पोहे खाल्ले आणि दादा ड्युटीवर गेल्यावर सगळे ओकून टाकले. वहिनी पाहतात तो आई घामानं चिंब, हाक मारली तरी ओ देईना. साखर पार उतरली होती. दवाखान्यात ती शुद्धीवर आली खरी, पण पुन्हा उठून बसली नाही. काही आठवड्यांनी गेली. हृदयच थकलं होतं, असं डॉक्टरांनी समजावलं. दादानं मान हलवली. दहाव्याला रामकुंडावर मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, ‘माई, माझ्या हातानं गेली ती.’ मी नाही नाही म्हणत राहिले. तो स्वतःच्या पंजाकडे बघत राहिला.

त्यालाही साखर होतीच. गोळ्या चालू होत्या, म्हणजे आठवेल तेव्हा. लग्नात जिलेबी खाल्ली की दोन घ्यायच्या, बरं वाटलं की बंद. तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट बघून डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं. ते आलं आणि फ्रिजच्या दारात कोथिंबिरीशेजारी पडून राहिलं. ‘उद्यापासून नक्की,’ तो म्हणायचा. भाऊबीजेला ओवाळताना मी हट्ट धरला, ‘मला ओवाळणी नको, तू सुई घे.’ तर हसून म्हणाला, ‘सुई सोडून काय हवं ते माग.’ वहिनी बिचाऱ्या दवाखान्यात जाऊन टोचायला शिकून आल्या. माझ्यासमोरची गोष्ट आहे. दादा सदरा वर करून खुर्चीत बसला, कपाळावर घाम. वहिनींनी इन्सुलिनचं पेन जवळ नेलं आणि त्यानं त्यांचं मनगट धरलं. ‘अहो, माझ्या हातनं तरी घ्या ना,’ त्या रडकुंडीला आल्या. ‘आणि तुझ्या हातून काही झालं तर?’ दादा म्हणाला, ‘मग तू कशी जगशील?’ डॉक्टर, भांडणं, देवाच्या शपथा, सगळं करून झालं. तो वाळत चालला होता, रात्रंदिवस पाणी पीत होता, आणि आम्ही नुसत्या बघत होतो.

मग तो बूट. कुठलासा बारका स्क्रू आत पडला होता आणि दादा अख्खी पाळी त्याच्यावर चालला. पायाला संवेदनाच उरली नव्हती. घरी आल्यावर रक्तानं भिजलेला मोजा वहिनींना दिसला. त्यानं हळद दाबली, ‘भरेल चार दिवसांत’ म्हणाला. जखम भरली नाही, काळी पडली. अंगठा काढला, मग गुडघ्याखालचा पाय.

शस्त्रक्रियेनंतर नर्स सुई द्यायच्या तेव्हा तो तोंड भिंतीकडे करायचा. एका दुपारी मात्र जेवणाचं ताट आलं आणि त्यानं हात पुढे केला. ‘सिस्टर, द्या इकडं.’ स्वतःच्या पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचलं. ‘माई, दुखत नाही गं... अजिबात दुखत नाही.’ आणि लहान मुलासारखा रडला. त्यानंतर एकही सुई त्यानं चुकवली नाही. जयपूर फूटची चौकशी करायला लागला, गोदाकाठी फिरायला जायचं म्हणायला लागला. रोज साखर थोडी थोडी उतरत होती आणि आम्ही वेड्यासारख्या आनंदत होतो. पण जखमेचं विष आधीच रक्तात भिनलं होतं. ताप हटेना, मग लघवी थांबली, मग त्यानं मला ओळखलं नाही. तरी दोन घास घेईल या आशेनं मी रोज डबा नेत राहिले. साखर आटोक्यात आली आणि दादा गेला.

दीड महिना झाला. गेल्या रविवारी जेलरोडच्या घरी गेले होते. वहिनींनी दोघींची पानं वाढली आणि तेवढ्यात त्यांच्या मोबाइलचा गजर वाजला. दादा घरी येणार, जेवणाआधीची सुई विसरायला नको, म्हणून त्यांनी दवाखान्यात बसूनच तो लावून ठेवला होता. मी बंद करायला हात पुढे केला.

‘राहू द्या, वन्सं,’ त्या म्हणाल्या. ‘आपोआप थांबतो.’

आम्ही घास हातात धरून बसलो. तो बराच वेळ वाजत राहिला...