एका बाकावर मावलेले साठ टक्के

माझी मावशी एका पेपरात विज्ञानाचं पान सांभाळते. आलेला अहवाल ती आधी तळटिपेपासून वाचते आणि मग डोळे मिटून त्यातली माणसं समोर बसवते. ऑफिसात म्हणतात, बाई पेंगतात. पेंगतात ते बाकीचे!

परवा अहवाल आला: साठ टक्के लोकांची झोप उडाली. तळटीप वाचून मावशीने डोळे मिटले. दुपारच्या उन्हातून तरंगत पाचच माणसं आली आणि एका बाकावर मावली. तिघांनी जांभई दिली. मागे गादीवाला उशी थोपटत उभा होता, कारण पाहणी त्यानेच केली होती.

"बाई, छापा आता! सगळ्या पेपरांत आलंय," संपादक ओरडले.

मावशी डोळे न उघडताच म्हणाली, "येणारच. हेच पाच जण सगळीकडे जाऊन आलेत."