डॉक्टरआबा चुकले तेव्हा

सणसरच्या आमच्या डॉक्टरआबांना पेशंटनं दुखणं सांगावं लागत नसे. माणूस दारातून आत येतोय तोवर आवाज यायचा, "कंबर धरली न्हवं? उसाच्या मोळ्या उचलल्या आसशील." बहुतेक वेळा ते खरं निघायचं. आम्हालाच त्याचा केवढा तोरा! बारामतीच्या डॉक्टरांना मशीन लागतं, आमच्या आबांना नजर पुरते, असं पाहुण्यारावळ्यांना सांगत फिरायचो.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "काल काय काम केलंस?" ताप किती, कधीपासून, ते मागाहून. "आपल्याकडं रोग रानातनंच येतो," म्हणायचे. डाळिंबावर फवारणी सुरू झाली की घाम, उलट्या, चक्कर घेऊन रोज कुणीतरी यायचंच. आबा सलाईन लावून त्यांना संध्याकाळी घरी धाडायचे.

त्याच दिवसांत माझे वडील, तात्या, पाठीवरचा पंप उतरवून बांधावर बसले. घामानं भिजलेले, उलटी झालेली. मी मोटारसायकलवरून नेलं. कपड्यांना औषधाचा वास येतच होता. आबांनी नाडी धरली, "फवारणीच हाय," म्हणाले आणि सलाईन लावलं. दीड तासानं तात्या छाती धरून कळवळले, तेव्हा आबांनी बॅटरीनं त्यांचे डोळे पाहिले. विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तात्यांच्या तशा नव्हत्या. हार्ट अटॅक होता. बारामतीच्या वाटेवरच तात्या गेले.

तिसऱ्या दिवशी भाऊबंद बसलेले असताना आबा आले आणि आईला म्हणाले, "वैनी, माझं चुकलं. वास आला आन् मी पुढं बघितलंच न्हाय." मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, चुलत्यांनी आवरलं. पुढं तीन वर्षं मी त्यांचं तोंड पाहिलं नाही. आई मात्र बीपीच्या गोळ्या त्यांच्याकडूनच आणायची. मी चिडलो की म्हणायची, "त्यांनी यिऊन सांगितलं तरी."

गेल्या साली माझ्या मुलीचा ताप उतरेना. निघालो होतो बारामतीला, पण गाडी आबांच्या दारात का थांबवली ते मला आजही सांगता येत नाही. आबांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत दोनदा तपासलं. मग म्हणाले, "मला कळंना रे. आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायची." आणि पोरीला उचलून स्वतःच गाडीत बसले.

पोर आज ठणठणीत आहे. पण त्या दिवशी, जिथं तात्या गेले ते वळण आलं तेव्हा आबा रडत होते. मी गाडी थांबवली नाही. एवढंच म्हणालो, "आबा, तिला नीट धरा."