हाताला सरावलेला

सासऱ्यांचा हात मी लग्नानंतर अठरा वर्षांत कधी धरला नव्हता. वाकून नमस्कार करायचा आणि बाजूला व्हायचं, एवढाच आमचा स्पर्श. ते इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला आमच्याकडे राहायला आले, त्यांचं विसरणं वाढत गेलं आणि शेवटी माणसंही ओळखू येईनाशी झाली. कोणी अंगाला हात लावला की ते ओरडत. एका सकाळी त्यांना शांत करायला मी सवयीने पायांशी वाकले, तर दचकून त्यांनी लाथच मारली. इतक्या शिस्तीच्या माणसाची लाथ! रागापेक्षा मला रडूच जास्त आलं.

केअर होममध्ये जागा मिळाली. महिन्याभराने न्यायचं ठरलं. मला एकच धास्ती होती, त्यांना दोघातिघांनी धरून फरफटत न्यावं लागू नये.

शेजारच्या बाई निवृत्त लॅटिन शिक्षिका. त्यांच्या बागेत येणारी भटकी, रानटी मांजरी हल्ली त्यांच्या मांडीवर बसायची. कसं जमवलंत, असं विचारलं तर म्हणाल्या, "शी इज मॅन्स्वीट नाऊ." असला शब्द मी इतक्या वर्षांत इथे कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. आता तो कोणी वापरत नाही, म्हणाल्या. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात, सुएस्केरे म्हणजे सवय होणं. हाताला सरावलेला, म्हणून शांत, गरीब. पकडायला जायचं नाही, हात नुसता जवळ ठेवायचा, रोज. आपण मराठीत माणसाळलेला म्हणतो, लॅटिनला नुसता हातच पुरला. जनावराचा शब्द सासऱ्यांना लावताना लाज वाटली, पण लावला.

रोज चहाच्या वेळी मी त्यांच्या कपाशेजारी हात ठेवून बसू लागले.

"अगं, हे काय चाललंय? बाबांना ऑकवर्ड होईल," नवरा म्हणाला.

"त्यांना नाही, तुला होतंय."

दहाव्या दिवशी त्यांनी माझ्या बांगडीला बोट लावून पाहिलं. तिसऱ्या आठवड्यात माझा हात धरून जिना उतरले. त्यांचा हात मऊ होता. मी तो कायम कडक समजत आले होते.

जायच्या दिवशी होममधून आलेल्या बाईने दारात हात पुढे केला. त्यांनी माझा सोडला, तिचा धरला आणि निघाले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"किती शांतपणे गेले ना," नवरा म्हणाला.

मला हवं होतं तेच झालं होतं. तरी दारात उभी राहून मी मनात म्हणत होते, एकदा तरी ओरडा हो, बाबा.