शिंप्याला केलेला शरणार्थ

ती घटना आठवली की आजही मला एका जागी बसवत नाही. उठून अंगणात दोन फेऱ्या मारतो, तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर येतो.

घरोघरी मोबाईल पोचायच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा धारूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवरामुलगा गावचाच. अचानक त्याच्या भावकीत निनावी फोन सुरू झाले. "शरणार्थ, अप्पा," अशी सुरुवात आणि पुढे मुलीची बदनामी. शरणार्थ हा लिंगायतांचा रामराम; तो म्हणतोय म्हणजे समाजातलाच माणूस, असं सगळ्यांनी धरलं आणि सोयरीक मोडायला निघाले. मुलीचा बाप ठाण्यात येऊन ढसाढसा रडला.

फोन स्टँडवरच्या बूथवरून होत होते, एवढं एक्सचेंजकडून कळलं. बूथशेजारीच मुलीच्या चुलतभावाचा फळांचा गाडा. भावाभावांत वाटणीवरून वाद. मी त्याला उचलला. दोन कानफटातही दिल्या.

"आईची आन, साहेब! माझी बहीन हाय ती!" एवढंच तो म्हणत राहिला.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे शिंपीचाचा ठाण्यात आले. "साहेब, फोन करून मला कोन शरणार्थ करतंय? मला तर सारं गाव सलाम करतं!" त्यांच्या दुकानातला फोन अजून जुन्या घरमालकाच्या, नवऱ्यामुलाच्या भावकीतल्या एका अप्पांच्या नावावर होता. ते अप्पा मुलाकडे वडवणीला जाऊन कैक वर्षं झाली होती, आणि हे समाजातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

म्हणजे फोन करणारा माणसं ओळखत नव्हता, डिरेक्टरीतली आडनावं वाचत होता. मी तडक बूथ गाठला. सुतळीनं बांधलेली डिरेक्टरी उघडली. त्या भावकीच्या आडनावांपुढे पेन्सिलच्या खुणा होत्या.

"फोन तर समदेच लावत्यात," बूथवाला म्हणाला. "पुस्तक मागून घेऊन बसनारे एकलेच, बाहेरगावचे क्लासवाले सर."

सर आले ते तोऱ्यात. तासभर मलाच कायदा शिकवत बसले. मी वैतागून विचारलं, "शिंप्याला शरणार्थ कावून केलास बे?"

"शिंपी? तो नंबर तर अप्पाचा हाय!" म्हणाला, आणि जीभ चावली.

चुलतभावाला सोडलं, त्याची माफी मागितली. नवऱ्यामुलाचे वडील ठाण्यात धावत आले. "झालं गेलं इसरून जावा, लगीन ठरल्या दिवशीच करू." मुलीच्या बापाने हात जोडले. पण त्याच्यासोबत आलेली मुलगी पुढे झाली.

"माझ्याबद्दल फोनवरच्या मानसाचं ऐकलं. मला एकानं बी इचारलं न्हाई. त्या घरात मी जानार न्हाई."

मी समजवायला तोंड उघडलं, तशी ती माझ्याकडे वळली. "साहेब, हा सर तरास देतो म्हनून गेल्या साली मी तुमच्याकडंच आलते. तुमी त्याला समज देऊन सोडलात."

ती तक्रार माझ्याच सहीने निकाली निघाली होती. या तीन दिवसांत ते रजिस्टर उघडायचं मला सुचलं नव्हतं. पुढे नोकरीभर मुलीची तक्रार आली की मी आधी तिलाच समोर बसवून ऐकून घेतलं. पण हिचं ऐकलं नाही ते नाहीच.