अक्काचे खांदे

अक्काचा व्यायाम सुरुवातीचे कित्येक दिवस मीच केला.

अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले आणि तिला उचलणे हा आमच्या घरचा नित्यनेम झाला. आधी अप्पांचा, मग माझा. मैलूरच्या आमच्या घरी इंटरनेट आले, पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या माझ्या मुलाने संगणकावर कॅमेरा बसवून दिला, आणि माघातल्या कोवळ्या उन्हात, तांबड्या दगडाच्या भिंतीवरून येणाऱ्या हुरड्याच्या धुरकट गंधात, खुर्चीत बसून करायच्या व्यायामाचा वर्ग आमच्या ओसरीवर भरू लागला. पडद्यावर शिकवणाऱ्या बाई, आणि शेजारच्या चौकटींत दूरदूरच्या गावांची, खुर्चीतलीच माणसे.

बाईंनी ‘हात वर’ म्हटले की मी मागून अक्काचे हात वर करी. घाम मला येई, शाबासकी तिला मिळे, आणि त्या शाबासकीतला अर्धा वाटा मी मनातल्या मनात बिनदिक्कत उचली.

“अक्का, मागे कोण आहेत हो?” बाईंनी अखेर विचारलेच.

“भाऊ हाय. सोडंनाच झालाय.”

सगळ्या चौकटी हसल्या. सर्वांत मोठ्याने मी. अक्का मात्र हसली नाही. वर्ग संपल्यावर चढत्या उन्हाकडे पाहत म्हणाली, “बाबू, मला न्हाणीत एकटीनं जायचंय. खांद्यात जोर पायजे. तूच हात लावायलास, मग जोर कुठून यायचा?”

रोज सकाळी न्हाणीत नेण्यासाठी मी उचलताना ती डोळे घट्ट मिटून घेई, आणि इतकी वर्षे ते मी विश्वासाचे लक्षण समजत आलो होतो.

त्यानंतर वर्गाच्या वेळी माझी रवानगी अंगणात झाली. वाळू भरलेल्या बाटल्या वरखाली होताना तिचा जड श्वास तेवढा बाहेर ऐकू येई, आणि माझे रिकामे हात मला कुठे ठेवावेत ते कळत नसे. कडुलिंबाचा मोहोर गळून अंगण कडवट-गोड वासाने भरले होते, तेव्हाची ती सकाळ. अक्काने बाज आणि चाकांची खुर्ची यांच्यामध्ये फळी टेकवली, मुठी रोवल्या, खांदे थरथरले, आणि ती इंच-इंच सरकत खुर्चीत गेली. पडलीच तर झेलावे म्हणून मी हात पसरून पुढे धावलो, आणि तसाच तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालत राहिलो. ती मात्र स्वतःच चाके ढकलत न्हाणीपर्यंत आली आणि थांबली.

“काय झालं अक्का? दमलीस?”

“न्हाई. सरक की. दारात तूच उभा हायस.”