शाळेच्या रजिस्टरात माझं आडनावच नाही

आज शनिवार, सकाळी साडेदहा. दहावीचा फॉर्म बाहेरून भरायचा म्हणून दाखला आणायला दुर्गाघाटावरच्या आमच्या हिंदी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत गेलो. सोबत वर्गमित्र बबलू आणि नंदू.

रजिस्टरात मी ‘श्रीधर केशव’. बाबांचं नावच आडनाव म्हणून चढवलेलं, पाटणकर गायब. आधारशी जुळत नाही.

हेडमास्तर म्हणाले, "आप मराठी लोग बाप का नाम बीच में काहे घुसाते हैं?"

बबलू हसला, "चलिए केशवजी, चाय पीजिए."

दुरुस्तीला शपथपत्र लागेल आणि फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे.

पाच वर्षं रोज हजेरीला मी त्याच नावाला ‘उपस्थित’ म्हणालो. गुरुजींना चूक दाखवायची भीती वाटायची. घरीही बोललो नाही. आता थकलोय.

तुमच्या मुलांना एकदा विचाराल का, शाळेत त्यांना काय नावानं पुकारतात?